जुन्या ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्हीची आयएफ अलाइनमेंट: चित्र आणि आवाज एकाच जागी आणायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांचा वीस इंची, लाकडी शटरचा हायब्रिड टीव्ही (अर्धे व्हॉल्व्ह, अर्धे ट्रान्झिस्टर) माळ्यावरून उतरवला, कपॅसिटर बदलले, पडदा उजळला. पण फाइन ट्यूनिंग चित्रावर आणलं की आवाज घरघरतो, आणि आवाज स्वच्छ केला की चित्र फासल्यासारखं होतं. मधे एका मेकॅनिकने आयएफच्या (ट्यूनरनंतरच्या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सीच्या भागाच्या) डब्यांमधले कोअर (कॉइल जुळवायचे फिरते गाभे) फिरवून पाहिले, मूळ जागा कुठे लिहिलेली नाही. तुमच्याकडे वॉब्युलेटर (आयएफचा वक्र पडद्यावर दाखवायला लागणारं यंत्र) नाही आणि दुकानदार म्हणतो, आतलं सगळं काढून किट, म्हणजे बाजारातला तयार बोर्ड, बसवा.

किट बसवू नका. हे काम घरी जमण्यासारखं आहे, फक्त त्याचा क्रम चुकवायचा नाही.

आधी जिवाचं बोलतो. हायब्रिड सेटमध्ये व्हॉल्व्हचे हीटर एका माळेत जोडून सरळ मेन्सवर चालवलेले असतात, मधे ट्रान्सफॉर्मर नसतो. म्हणजे चॅसी मेन्सच्या एका वायरला थेट जोडलेली असते. ती वायर न्यूट्रल आहे असं धरून चालू नका. जुन्या घरातला सॉकेट उलटा जोडलेला असतो किंवा कुणीतरी दोन पिनांचा प्लग लावलेला असतो, आणि मग तुम्ही सिग्नल जनरेटरची (चाचणीचा सिग्नल देणाऱ्या यंत्राची) अर्थ क्लिप लावता ती २३० व्होल्टवर. एक ते एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या, २५० व्हीएचा पुरतो. लॅपटॉपला यूएसबीने जोडलेलं कोणतंही यंत्र या चॅसीला लावू नका, बॅटरीवरच चालवा. पिक्चर ट्यूबच्या अॅनोडवर सेट बंद केल्यावरही हजारो व्होल्ट राहतात, ते डिस्चार्ज केल्याशिवाय तिकडे हात नको.

आता मुद्दा. अलाइनमेंट आपोआप बिघडत नाही. कोअर मेणाने धरलेला असतो, तो आपल्या मनाने फिरत नाही. बिघडतं ते आजूबाजूचं: एजीसीच्या (सिग्नलप्रमाणे गेन आपोआप बदलणाऱ्या व्यवस्थेच्या) लाइनचा डीकपलिंग कपॅसिटर सुकतो, व्हॉल्व्ह म्हातारा होतो, डबीच्या आतला स्टायरोफ्लेक्स कपॅसिटर कुणाच्या तरी सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने वितळतो. म्हणून एरवी मी सांगितलं असतं की डब्यांना हात लावू नका, दोष दुसरीकडे शोधा. तुमच्या बाबतीत हात लागून गेलेला आहे, त्यामुळे आता पर्याय नाही. तरीसुद्धा सप्लायचे आणि प्रत्येक आयएफ स्टेजचे डीसी व्होल्टेज आधी तपासा. आयएफमधला पहिला व्हॉल्व्ह ईएफ १८३ आणि शेवटचा ईएफ १८४ असेल, किंवा ट्रान्झिस्टर असतील तर बीएफ १६७ आणि बीएफ १७३ सारखे. नवा व्हॉल्व्ह घालायचा असेल तर अलाइनमेंटच्या आधी घाला. त्याची आतली कपॅसिटन्स थोडी वेगळी असते आणि कॉइल तेवढी सरकते.

सिग्नल कुठून आणला हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निम्मे लोक इथेच फसतात. दूरदर्शनचं अॅनालॉग प्रक्षेपण आता बहुतेक ठिकाणी बंद आहे, त्यामुळे सगळे जुन्या व्हीसीआरचा, व्हिडिओ गेमचा किंवा ऑनलाइन मागवलेला आरएफ मॉड्युलेटर वापरतात. आपली पद्धत सीसीआयआर बी: ६२५ रेषा, चित्र आणि आवाज यांच्या कॅरिअरमध्ये (वाहक लहरींमध्ये) ५.५ मेगाहर्ट्झचं अंतर. अमेरिकन मॉड्युलेटरमध्ये हेच अंतर ४.५ असतं आणि ब्रिटिश मॉड्युलेटरमध्ये ६.०. असा मॉड्युलेटर लावला की चित्र ठीक येईल, पण आवाजाच्या जागी नुसता फस्स किंवा घरघर, आणि तुम्ही बिचाऱ्या ५.५च्या कॉइलला दोष देत बसाल. चॅनलचे नंबरही जुळत नाहीत. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं ते चॅनल ४ वर, आणि आपल्या चॅनल ४चं चित्र ६२.२५ मेगाहर्ट्झवर. अमेरिकेचं चॅनल ४ आहे ६७.२५ वर. तेव्हा आधी खात्री करा की मॉड्युलेटर पाल बी/जी आहे आणि व्हीएचएफ देतो. यूएचएफवाला या सेटला चालणार नाही, कारण त्या काळच्या ट्यूनरमध्ये यूएचएफ नसतोच. जुन्या बाजारात पॅटर्न जनरेटर मिळाला तर उत्तमच. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून पाहा, एखाद्या दुकानाच्या मागच्या फळीवर निघू शकतो.

मागे ३०० ओमची चपटी रिबन जोडायचे दोन स्क्रू असतील. त्यांना ७५ ओमची केबल थेट जोडू नका, मधे बॅलन (३०० आणि ७५ ओम जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लावा.

तुमच्या सेटचं लक्षण खरं तर खूप काही सांगतं. ट्यूनरमधला लोकल ऑसिलेटर (चॅनलचा सिग्नल ज्याच्याशी मिसळून आयएफ मिळते ती लहर तयार करणारा) चॅनलच्या वर चालतो. चॅनल ४ साठी १०१.१५ मेगाहर्ट्झ. त्यातून ६२.२५ वजा केले की चित्राची आयएफ ३८.९ मिळते आणि आवाजाच्या ६७.७५ मधून ३३.४. ध्यानात घ्या, इथे क्रम उलटा होतो: हवेत आवाज वर होता, आयएफमध्ये तो खाली आला. चित्रातला बारीक तपशील ३८.९ पासून खाली ३४ पर्यंत पसरलेला असतो.

आयएफने या पट्ट्याला एक ठरावीक आकार द्यायचा असतो, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती गेन याचा एक ठरावीक वक्र. ३५ ते ३८ जवळजवळ सपाट. ३८.९ वर वक्र निम्म्यावर आलेला, म्हणजे ६ डीबी खाली. ३३.४ वर सुमारे २६ डीबी खाली, विसावा हिस्सा. शेजारच्या खालच्या चॅनलचा आवाज ४०.४ वर पडतो आणि वरच्या चॅनलचं चित्र ३१.९ वर, तिथे दोन्हीकडे खोल खड्डे. ३८.९ ला निम्म्यावरच का? कारण प्रक्षेपणात एक साइडबँड (कॅरिअरच्या एका बाजूला पसरलेली चित्राची माहिती) पूर्ण आणि दुसऱ्याचा फक्त पाऊण मेगाहर्ट्झचा तुकडा पाठवतात. कॅरिअरच्या जवळची माहिती दोनदा येते, लांबची एकदाच. उतारावर बसवलं की दोन अर्धे मिळून एक होतात.

म्हणूनच रेडिओच्या सवयीने प्रत्येक कोअर ‘जास्तीत जास्त आवाज’ किंवा ‘जास्तीत जास्त कॉन्ट्रास्ट’वर आणणाऱ्याच्या हातून टीव्ही नासतो. रेडिओत सगळे आयएफ ट्रान्सफॉर्मर एकाच फ्रिक्वेन्सीला पीक करायचे असतात. इथे प्रत्येक कॉइलची जागा वेगळी, आणि सगळ्यांचा मिळून आकार जमायला हवा. तुमच्या मेकॅनिकने नेमकं हेच केलं असावं असा माझा कयास आहे. फाइन ट्यूनिंग एका बाजूला फिरवलं की ३८.९ उतारावरून खाली घसरतं आणि आवाजाचा कॅरिअर सपाट भागात चढतो: चित्र कडांपुरतं उरतं, आवाजाबरोबर आडव्या पट्ट्या नाचतात, घरघर येते. दुसऱ्या बाजूला फिरवलं की ३८.९ माथ्यावर चढतं, मोठे काळे भाग पसरतात, तपशील जातो, आवाज क्षीण होतो. चांगल्या सेटमध्ये या दोन टोकांच्या मधे एक जागा असते जिथे दोन्ही नीट असतात. तुमच्याकडे ती जागाच उरलेली नाही, म्हणजे वक्र अरुंद झालाय.

ती घरघर ५० हर्ट्झची असते, आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची पाटी आली की वाढते. आपल्या पद्धतीत पांढऱ्यासाठी चित्राचा कॅरिअर जवळजवळ दहा टक्क्यांवर उतरतो. त्याच वेळी आवाजाचा कॅरिअर आयएफमध्ये वाजवीपेक्षा मोठा असेल, तर दोघांच्या फरकातून तयार होणाऱ्या ५.५च्या सिग्नलवर चित्राचा ठसा उमटतो. आणखी एक खूण: फाइन ट्यूनिंग कुठेही नेलं तरी घरघर तश्शीच राहिली, तर दोष आयएफमध्ये नाही, ५.५च्या भागात आहे. तुमच्याकडे ती बदलते.

आता प्रत्यक्ष काम.

हत्यार आधी. पोलादी स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. तो आत जाताच कॉइलचं मूल्य बदलतं, बाहेर काढला की सगळं परत सरकतं, आणि ठिसूळ कोअर फुटतो तो वेगळाच. प्लॅस्टिकचे षटकोनी अलाइनमेंट टूल मिळतात. नाहीतर प्लॅस्टिकची विणकामाची सुई घ्या आणि तिचं टोक कानशीने घासून भोकात अचूक बसेल असं करा, आम्ही कित्येकदा तेच वापरायचो. डबीत वर-खाली दोन कोअर असतील तर मानेशी बारीक केलेली सुई लागते, म्हणजे वरच्या कोअरच्या भोकातून ती खालच्यापर्यंत जाईल आणि वरचा फिरणार नाही. कोअर अडकला असेल तर जोर लावू नका. हेअर ड्रायरने डबी कोमट करा, मेण सैल होतं. आणि कुठलाही कोअर हलवण्याआधी तो काठापासून किती आत आहे ते मोजून वहीत लिहा. आत्ताची जागा चुकीची असली तरी लिहा.

एजीसी बांधून ठेवायला हवी, नाहीतर तुम्ही कोअर फिरवाल आणि एजीसी गेन बदलून तुमचा बदल झाकेल. मॅन्युअलमध्ये दिलेलं व्होल्टेज बॅटरी आणि पॉटेन्शिओमीटरमधून एजीसी लाइनवर द्या. व्हॉल्व्हच्या आयएफला निगेटिव्ह लागतं. ट्रान्झिस्टरच्या आयएफमध्ये बहुतेक वेळा फॉरवर्ड एजीसी असते, तिथे दिशा वेगळी, सर्किट बघूनच द्या.

जनरेटर म्हणून मी हल्ली टायनीएसए (हातात मावणारं, जनरेटर म्हणूनही चालणारं मोजमापाचं यंत्र) वापरायला सांगतो. स्वस्त आहे, बॅटरीवर चालतो आणि आउटपुटची पातळी डीबीमध्ये कमी-जास्त करता येते. नॅनोव्हीएनएही एका फ्रिक्वेन्सीवर थांबवता येतो, पण त्याला बाहेरून अॅटेन्युएटर लावावे लागतील. सिग्नल आत घालायची जागा ट्यूनरचा मिक्सर. तुमच्या ट्यूनरमध्ये मिक्सर व्हॉल्व्ह पीसीएफ ८०१ किंवा तत्सम असेल, त्यावर पत्र्याची टोपी असते. ती टोपी थोडी वर उचला, जेणेकरून खालच्या स्प्रिंगला, म्हणजे चॅसीला, ती टेकणार नाही. तिच्यावर जनरेटरची क्लिप लावा. टोपी आणि आतली प्लेट यांच्या मधल्या किंचितशा कपॅसिटन्समधून सिग्नल आत जातो आणि सर्किटवर भार पडत नाही. कुठलीही वायर सोल्डर करावी लागत नाही. ही युक्ती जुनी आहे आणि अजून याहून सोपी मला सापडलेली नाही. ट्यूनर रिकाम्या चॅनलवर ठेवा.

मीटर व्हिडिओ डिटेक्टरच्या लोड रेझिस्टन्सवर, मधे १० किलोओमचा रेझिस्टर घालून. डिटेक्टर म्हणजे साधारण ओए ७९ किंवा तसला जर्मेनियम डायोड, तो बहुधा शेवटच्या आयएफ डबीच्या आतच असतो. सिग्नल नसताना जे व्होल्टेज दिसतं ते लिहून ठेवा.

इथे एक गोष्ट पुष्कळ जण चुकवतात. जनरेटरची पातळी कायम ठेवून मीटरचे आकडे नोंदवायचे नाहीत. लहान सिग्नलला डायोड सरळ रेषेत वागत नाही, त्यामुळे उताराचा पाय प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा खोल भासतो. उलट करा: मीटर दर वेळी अर्ध्या व्होल्टच्या वाढीवर आणा आणि त्यासाठी जनरेटरला किती डीबी लागले ते लिहा. ३६.५ ला लागलेली पातळी शून्य धरा. ३८.९ ला सहा डीबी जास्त लागली पाहिजे, ३३.४ ला सव्वीसच्या आसपास, ४०.४ आणि ३१.९ ला चाळीसच्या घरात. अर्ध्या-अर्ध्या मेगाहर्ट्झवर नोंद घेत आलेखाच्या कागदावर बिंदू जोडले की तोच वॉब्युलेटरचा वक्र, फक्त हाताने काढलेला. पहिला वक्र काहीही न हलवता काढा. माझ्या अंदाजाने तुम्हाला ३७च्या आसपास एक टोकदार सुळका दिसेल.

मग खड्डे आधी. जनरेटर ४०.४ वर, पातळी भरपूर वाढवा, आणि त्या ट्रॅपचा (तो खड्डा पाडणाऱ्या कॉइलचा) कोअर मीटर कमीत कमी होईपर्यंत फिरवा. तसंच ३१.९ आणि ३३.४. ट्रॅप कुठले ते सर्किटमध्ये दिसतं. मॅन्युअल नसेल तर जो कोअर फिरवल्यावर एखाद्या फ्रिक्वेन्सीला व्होल्टेज एकदम पडतं तो ट्रॅप. ते आधी करायचे कारण ट्रॅप शेजारच्या उताराचा आकार ओढतात. नंतर केले तर आधीचं सगळं पुन्हा करावं लागतं.

त्यानंतर डिटेक्टरकडून ट्यूनरकडे, मागून पुढे. शेवटचा ट्रान्सफॉर्मर बहुधा रुंद असतो, तो पट्ट्याच्या मध्यावर, ३६.५ला. मधल्या कॉइल दोन बाजूंना: एक खालच्या खांद्याला उचलते, दुसरी ३८च्या बाजूला. नेमके आकडे सेटप्रमाणे बदलतात. मॅन्युअल असेल तर तेच प्रमाण मानायचं, नसेल तर वक्राकडे बघत. कोअर फिरवताना दोन जागी पीक येतं, एकदा कोअर कॉइलच्या एका टोकाकडून आत येताना आणि एकदा पलीकडे जाताना. एका डबीत दोन कोअर असतील तेव्हा दोघे एकमेकांपासून लांब असतील ती जागा पकडा, मॅन्युअलमध्ये वेगळं म्हटलं नसेल तर. जवळच्या जागेवर ट्यून केलं तर दोन कॉइलमधलं कपलिंग वाढतं आणि वक्राला दोन शिंगं फुटतात. ट्यूनरच्या आउटपुटवरची कॉइल आणि आयएफची पहिली कॉइल शेवटी, आणि ३८.९ चा सहा डीबी उतार मुख्यतः त्यांच्यावर जमतो. त्यांच्यासाठी वेळ द्या.

वक्र कितीही केलं तरी टोकदारच राहतो, आणि डबीजवळ हात नेला की मीटर हलतो, असं होत असेल तर कोअर सोडा. ती स्टेज स्वतःच ऑसिलेट व्हायच्या बेतात आहे. स्क्रीन ग्रिडचे किंवा सप्लायचे छोटे सिरॅमिक डीकपलिंग कपॅसिटर बघा, आणि डबी चॅसीला नीट सोल्डर आहे का तेही बघा. मेकॅनिकने डबी उघडून परत बसवताना एकच पाय जोडलेला असणं हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

वक्र जमला की एजीसीची बॅटरी काढा, व्हॉल्व्हची टोपी जागेवर बसवा आणि खरा सिग्नल लावून पडद्यावर तपासा. काळी उभी रेघ किंवा पट्टा असलेला पॅटर्न घ्या. त्याच्या उजवीकडे बारीक सावल्यांची रांग दिसते का? पूर्वी आम्ही अशी सावली पाहिली की गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचो, पुण्यात सगळ्यांचे पाइप सिंहगडाकडे तोंड करून असत. आता सिग्नल केबलमधून येतोय, तेव्हा सावली असली तर ती डोंगरावरून किंवा इमारतीवरून परतलेली नाही, ती तुमच्या आयएफमधली किंवा व्हिडिओ स्टेजमधली आहे. ती चक्क फूटपट्टीने मोजता येते. वीस इंची पडद्याची रुंदी सुमारे ४० सेंटीमीटर, आणि एका रेषेचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा. म्हणजे एक मायक्रोसेकंद जवळपास ८ मिलिमीटर. सावल्या अडीच मिलिमीटरवर एकामागोमाग येत असतील तर त्यांचा काळ एक तृतीयांश मायक्रोसेकंद, म्हणजे ३ मेगाहर्ट्झ. ३८.९ मधून ३ वजा केले की ३५.९. तिथे वक्राला सुळका आहे का ते पुन्हा आलेखावर पाहा. नसेल तर व्हिडिओ अॅम्प्लिफायरची पीकिंग कॉइल बघा, तिला समांतर असलेला रेझिस्टर जळून ओपन झालेला असतो.

आवाज सगळ्यात शेवटी, आणि त्याला जनरेटर लागतच नाही. ५.५ हे अंतर मॉड्युलेटरमध्ये ठरतं, तुमच्या ट्यूनिंगने बदलत नाही, तेव्हा चालू कार्यक्रमावरच करा. रेशो डिटेक्टर (५.५च्या सिग्नलमधून आवाज काढणारं जुनं सर्किट) असेल तर त्याच्या इलेक्ट्रोलिटिकवर डीसी मीटर लावा आणि टेक-ऑफ कॉइल व प्रायमरी जास्तीत जास्तवर आणा. मग ऑडिओच्या बिंदूवर मीटर लावून सेकंडरी बरोबर शून्यावर. दोन्ही बाजूंना व्होल्टेज चिन्ह बदलतं, त्या दोहोंच्या मधलं शून्य हवं. टीबीए १२० किंवा सीए ३०६५ सारखी आयसी असेल तर एकच कॉइल, ती कानाने: पांढरी पाटी लावा आणि घरघर कमीत कमी होईपर्यंत फिरवा. पिक्चर ट्यूबकडे जाणाऱ्या वाटेवर ५.५चा आणखी एक ट्रॅप असतो. तो चित्रातले बारीक दाणे नाहीसे होईपर्यंत. हे दाणे म्हणजे मुंग्या नव्हेत. मुंग्या सिग्नल कमी पडल्यावर येतात आणि इकडेतिकडे पळतात, हे दाणे जाळीसारखे असतात आणि आवाजाबरोबर थरथरतात.

ट्यूनरमध्ये फक्त ऑसिलेटरचा स्क्रू हलवायचा, तोही गरज असेल तरच. फाइन ट्यूनिंगची नॉब काढली की मागे छोटं भोक दिसतं. नॉब मधोमध असताना चित्र-आवाज दोन्ही नीट यावेत एवढंच बघायचं. बाकीच्या आरएफ कॉइल हवेत गुंडाळलेल्या दोन-चार वेढ्यांच्या असतात, त्यांचे वेढे दाबून-ताणून अलाइनमेंट केलेली असते. त्या तुमच्या मेकॅनिकच्या हातून वाचल्या असतील तर तशाच राहू द्या.

किटचं राहिलं. बाजारातले बोर्ड छोट्या, कमी कोनाच्या ट्यूबच्या योकसाठी (ट्यूबच्या मानेवरच्या, किरण वळवणाऱ्या कॉइलसाठी) केलेले असतात. तुमच्या जुन्या योकला ते जुळवताना पिक्चर ट्यूबच धोक्यात येते, आणि तशी ट्यूब आता नवी मिळत नाही. तुमच्या सेटचा पडदा उजळतोय, फोकस आहे, म्हणजे महागाचा भाग शाबूत आहे.

सगळं झाल्यावर सेट तासभर चालू ठेवा आणि ३८.९ चा बिंदू गरम अवस्थेत पुन्हा मोजा. एक-दीड डीबीचा फरक पडला तर दुर्लक्ष करा. जास्त पडला तर पहिल्या आयएफ डबीतला कपॅसिटर संशयित, तो बदलून त्या एकाच डबीचं काम पुन्हा करा. कोअर पक्का करायला मेणबत्तीचं मेण एक थेंब पुरतं; फेव्हिक्विक किंवा नेलपॉलिश लावू नका, पुढच्या माणसाला तो कोअर फोडूनच काढावा लागेल. आलेखाचा कागद घडी करून मागच्या पत्र्याच्या आत चिकटवून ठेवा.